आधी मोजू म्हणणाऱ्या मिस्त्रीकाकांस

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

गाडीच्या दुरुस्तीचे पैसे तुम्ही त्याच दिवशी मोजून घेतलेत, पावतीही दिलीत. तुमच्या लेखी हिशेब तिथेच मिटला असेल, माझ्या लेखी अजून बाकी आहे. नाव छापलेलं तुम्हाला आवडणार नाही, म्हणून ते लिहीत नाही. नागपूरजवळच्या वाडीत, अमरावती रोडच्या आतल्या गल्लीत, ट्रकांच्या रांगेमागे बसणारे मिस्त्रीकाका म्हटलं की ओळखणारे ओळखतील.

डिसेंबरात तुमच्याकडे आले तेव्हा मी गाडी विकायच्या विचारात होते. २००९ ची टर्बो डिझेल, पावणेदोन लाख किलोमीटर चाललेली. गिट्टीखदानहून फेटरीवरून कळमेश्वरच्या पुढे माझी शाळा, तिथे सकाळी सातला पोचायचं. त्या थंडीत रोज दहा-दहा सेकंद सेल्फ मारत बसायचं, मग पांढरा धूर आणि टकटक आवाज. एसी सोडा, नुसती खिडकी बंद केली तरी आत डिझेलचा वास. त्याआधी एका गॅरेजात दाखवली होती. तिथे पाच मिनिटांत निकाल मिळाला: चारही इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारतात ते) बदला, टर्बोही (इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा) जायलाच आला आहे, एकदमच करून टाका. जो आकडा सांगितला तेवढ्यात तशीच दुसरी गाडी आली असती.

तुम्ही बॉनेट उघडलंत आणि इंजेक्टरला हातही न लावता आधी डिपस्टिक, म्हणजे इंजिनचं तेल मोजायची पट्टी, काढलीत. तेल दोन बोटांत चोळलंत, नाकाशी नेलंत.

"ताई, मधात तेल भरलं होतं काय?"
"नाही. कमीच होत नाही ना ही गाडी, म्हणून निर्धास्त होते."
"कमी होत नाही नाही, वाढून राहिलं. वरच्या खुणेच्या वर आहे. हे डिझेल आहे."

ते ऐकून माझ्या पोटात गोळा आला. मग तुम्ही गाडी बंद ठेवून, एका डब्यावर बसून जे सांगितलंत ते मी शाळेच्या डायरीत लिहून ठेवलं आहे. इंजेक्टर बंद झाल्यावरही ठिबकत राहिला तर ते डिझेल जळत नाही. सिलिंडरच्या भिंतीवरून, पिस्टनच्या रिंगांच्या पलीकडून खाली उतरतं आणि इंजिनच्या तेलात मिसळतं. तेल पातळ होतं. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेऱ्या घेतो आणि या जुन्या टर्बोत तो तेलाच्या थरावरच तरंगत असतो. तो थर पातळ झाला की दांडा ज्या बुशमध्ये फिरतो त्याला घासतो आणि टर्बो बसतो. म्हणजे वास इंजेक्टरचा, पण मरणार टर्बो. तो बसला की लोक टर्बो बदलतात, ठिबकणारा इंजेक्टर तसाच राहतो आणि वर्षभरात नवा टर्बोही जातो, हेही तुम्हीच सांगितलंत.

"आधी मोजू, मंग खोलू," म्हणालात. हे चार शब्द मला आयुष्यात फार कमी लोकांकडून ऐकायला मिळाले, काका. मी विज्ञान शिकवते, म्हणून ते जास्तच लागले.

टर्बोची हवेची नळी काढून तुम्ही दांडा माझ्याच हाताने हलवून पाहायला लावलात. बाजूला किंचित हलत होता, आत-बाहेर अजिबात नाही, पंख्याची पाती कुठे घासलेली नाहीत. टर्बो शाबूत. मग चारही इंजेक्टरच्या रिटर्न नळ्या, म्हणजे उरलेलं डिझेल परत नेणाऱ्या नळ्या, काढून त्यांच्या जागी पारदर्शक नळ्या लावल्यात, त्या चार सारख्या बाटल्यांत सोडल्यात आणि गाडी आयडलवर चालू ठेवलीत. तीन बाटल्यांत जेमतेम बोटभर डिझेल आलं. तीन नंबरची अर्ध्याच्या वर गेली. सकाळी सेल्फ लांबायचा तो यामुळेच: पंप दाब तयार करतो आणि हा एक इंजेक्टर तो रिटर्नमधून पळवतो, रेलमध्ये, म्हणजे चारही इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीत, पुरेसा दाब होईपर्यंत इंजेक्टर उघडतच नाहीत. समजायला मला यंत्रशास्त्राची पदवी लागली नाही. चार बाटल्या पुरल्या.

मधेच मी पाइपच्या नटापाशी ओल दिसली म्हणून बोट पुढे केलं आणि तुम्ही माझं मनगट धरून मागे ओढलंत. रागावला होतात. टायरमध्ये सव्वादोन बार हवा असते, या रेलमध्ये सोळाशे बारपर्यंत दाब चढतो. बारीक चिरेतून निघालेलं डिझेल कातडीत सुईसारखं शिरतं, वरून नुसता ठिपका दिसतो, आत बोट सडतं. असा ठिपका उठला तर दुखत नसला तरी थेट दवाखाना गाठायचा, आणि गळती शोधायची तर पुठ्ठा धरून, गाडी बंद केल्यावरही काही मिनिटं पाइप सैल करायचा नाही. घरी स्वतः पाने घेऊन बसणाऱ्या सगळ्यांसाठी हे मी मुद्दाम इथे लिहिते आहे.

वास आणि फस्‌फस् आवाज एक नंबरचा निघाला. त्याच्याभोवती डांबरासारखा काळा थर जमला होता. खालचा तांब्याचा वाशर जळून त्याला चर पडली होती, आणि त्या चरीतून सिलिंडरमधला गॅस वर येत होता. इंजेक्टर त्या डांबरात असा रुतलेला की कोणी घाईत पान्याने पिळला असता तर तुटलाच असता. तुम्ही रात्रभर तेल सोडून ठेवलंत, सकाळी इंजिन कोमट करून पुलरने हळूहळू काढलात. जुना वाशर खाली, इंजेक्टर जिथे टेकतो त्या बसकणीलाच चिकटून होता, तो आकडीने काढलात. बसकण हाताने कटर फिरवून साफ केलीत, कटरला ग्रीस लावून, म्हणजे कचरा सिलिंडरमध्ये न पडता ग्रीसला चिकटतो. तुमच्या मदतनिसाने जुने वाशर तापवून परत लावू का विचारलं तेव्हा तुम्ही नुसतं त्याच्याकडे पाहिलंत. चारही जागी नवे वाशर, नवे क्लॅम्पचे बोल्ट, आणि शेवटचा आवळ ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या टॉर्क पान्याने.

तीन नंबरच्या बाबतीत "हे माझं काम नाही, हे लॅबवाल्याचं," असं तुम्ही सरळ म्हणालात. लॅबच्या तपासणी बेंचवर लावल्यावर नोझल, म्हणजे इंजेक्टरचं टोक, ठिबकताना दिसलं. नोझल आणि व्हॉल्व्ह बदलून आल्यावर त्याचा नवा कोड स्कॅनरने ईसीयूत, म्हणजे गाडीच्या संगणकात, भरलात, नाहीतर गाडीला कळतच नाही की हा इंजेक्टर किती डिझेल सोडतो. शेवटी तेल आणि फिल्टर नवे. एवढं सगळं होऊन जो खर्च आला तो आधीच्या आकड्याच्या पाचव्या हिश्श्याइतकाही नव्हता. पण खर्च वाचला म्हणून हे पत्र नाही. बाकीचे तीन इंजेक्टर चांगले आहेत हे तुम्ही मला दाखवून दिलंत. न दाखवता चारही बदलले असते तरी मला कळलं नसतं, हे तुम्हाला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्या सेल्फला लागली. तुम्ही तेव्हा दुसऱ्या ट्रकखाली होतात. मी आभार मानले तर "बरं, बरं" एवढंच ऐकू आलं.

तो जळका वाशर मी मागून घेतला होता, आठवतं? आता तो माझ्या नववीच्या वर्गात फिरतो. दाब म्हणजे क्षेत्रफळावरचं बल, हे फळ्यावर लिहून जितकं कळत नव्हतं तितकं ती चर बोटाने चाचपून मुलांना कळतं. दोघं-तिघं तुमचं गॅरेज बघायचं म्हणताहेत. चालत असेल तर एका शनिवारी शाळा सुटल्यावर आणते.

सोबत घरची थोडी संत्री पाठवते आहे, मदतनीस दादालाही द्यावीत. दर रविवारी गाडी सपाट जागी लावून डिपस्टिक बघते. दोन महिने झाले, तेल तुम्ही भरलंत त्याच खुणेवर आहे.

तुमची,
कळमेश्वर रोडची शाळेतली ताई