भरतीच्या पोरांनी भाकरी सोडू नये

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पोलीस भरतीची चाहूल लागली की आमच्या कागल तालुक्यातल्या मैदानांवर पहाटे पाचपासून पोरं दिसायला लागतात. मी निवृत्त क्रीडाशिक्षक. सकाळी त्यांचा सराव घेतो आणि संध्याकाळी गावच्या तालमीत बसतो. अलीकडे या पोरांच्या ताटात जे चाललंय, ते बघून जीव कासावीस होतो, म्हणून हे पत्र लिहितोय. मोबाइलवर कुणीतरी पिळदार दंडाचा माणूस सांगतो, भाकरी, भात, फळं, दूध बंद करा. तूप, लोणी, अंडी, पनीर हवं तेवढं खा. चरबी जळेल आणि मसल चढेल. पोरं त्याला ‘किटो’ म्हणतात. पंचावन्न-साठ किलोची, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी पोरं चरबी जाळायला निघालीत! जाळायला अंगावर आहे काय?

एका पोराचं सांगतो, नाव लिहीत नाही. वडील साखर कारखान्यात हंगामी कामाला. पोरगं सकाळी बिनदुधाच्या कॉफीत चमचाभर तूप घालून पितं. डब्यात उकडलेली अंडी, पनीरचे तुकडे, वर बटरची वडी. भरतीत मुलांना 1600 मीटर धावायचं असतं, म्हणजे आमच्या 400 मीटरच्या मैदानाला चार फेऱ्या. हा गडी पहिल्या दोन फेऱ्या पुढच्या घोळक्यात असतो. तिसरीला पाऊल जड पडायला लागतं, खांदे वर चढतात, तोंड उघडं पडतं, आणि चौथीला एरवी मागं असणारी पोरं त्याला गाठून पुढं जातात. दिवाळीपर्यंत हाच सगळ्यांच्या पुढं असायचा. विचारलं तर म्हणतो, “सर, पहिल्याच आठवड्यात तीन किलो उतरलोय, म्हणजे लागू पडतंय.” त्याची आई एकदा मैदानावर आली होती. म्हणाली, “सर, तुम्हीच सांगा त्याला. भाकरी केली की पोरगं ताटावर बसंना झालंय.”

ते तीन किलो कसले, हे पोरांना कुणीतरी समजावून सांगायला पाहिजे. आपण खाल्लेल्या भाकरी-भाताची साखर होते आणि तिच्यातली काही ग्लायकोजेनच्या रूपाने स्नायूंत साठते. धडधाकट माणसाच्या स्नायूंत हा साठा साधारण 400 ते 500 ग्रॅमचा असतो आणि दर ग्रॅमामागे तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतो. भाकरी बंद केली की साठा आटतो आणि पाणीही जातं. पाण्याबरोबर लघवीवाटे मीठ जातं, म्हणून डोकं दुखतं, पोटऱ्यांत गोळे येतात. पहिल्या आठवड्यातली घट बहुतेक ही असते. जिममधली पोरं तक्रार करतात की ‘पंप येत नाही’, म्हणजे व्यायाम करताना स्नायू फुगत नाहीत, त्यालाही बरंचसं हेच कारण.

आणि हा साठा शोभेचा नाही. चरबीत ताकद भरपूर, ग्रॅमाला 9 कॅलरी; पिठूळ अन्नात, म्हणजे भाकरी-भात-साखरेतल्या कर्बोदकांत, 4. पण चरबी जाळायला प्राणवायू जास्त लागतो आणि ती सावकाश जळते. चालायला, शेतात दिवसभर वाकून काम करायला ती उत्तम. जीव तोडून 1600 मीटर पळायचं, 100 मीटरचा झपाटा मारायचा किंवा बारा-बारा बैठकांचे संच एकामागून एक काढायचे, तर स्नायूला झटपट मिळणारी साखर लागते. 1967 साली स्वीडनमध्ये संशोधकांनी माणसांच्या मांडीतून स्नायूचा कण काढून हे तपासलं होतं. सायकल मारायला लावली, तेव्हा पिठूळ पदार्थ जवळजवळ बंद केलेले लोक तासाभरात थकले, नेहमीचं जेवण घेणारे दोन तासांच्या आसपास टिकले आणि पिठूळ पदार्थ भरपूर खाल्लेले पावणेतीन तास. ऑस्ट्रेलियात 2017 साली जगातल्या अव्वल दर्जाच्या चालण्याच्या शर्यतीच्या खेळाडूंवर अभ्यास झाला. किटोवरच्या खेळाडूंचं शरीर चरबी जास्त जाळायला शिकलं हे खरं, पण त्याच वेगाने चालायला त्यांना प्राणवायू जास्त लागायला लागला आणि तीन आठवड्यांच्या सरावाचा जो फायदा बाकीच्यांच्या वेळेत दिसला, तो त्यांच्या वेळेत दिसला नाही.

हे झालं धावण्याचं. मसलचं काय? स्पेनमध्ये 2018 साली वजनं मारणाऱ्या पुरुषांवर आठ आठवड्यांचा प्रयोग झाला. खायला मुद्दाम जास्त दिलं होतं, प्रथिनंही भरपूर. किटोवाल्यांची चरबी उतरली, पण स्नायू वाढल्याचं दिसलं नाही; स्नायूंची भर पडली ती पिठूळ पदार्थ खाणाऱ्यांच्या अंगावर. आणि प्रयोगाबाहेर, घरी, आणखी एक अडचण येते. अंग वाढवायचं तर रोजच्या गरजेपेक्षा थोडं जास्त पोटात जायला हवं. किटोने भूक मरते. वजन उतरवणाऱ्याला हा गुण उपयोगी पडतो, पण अंग धरू पाहणाऱ्या पोराला तोच नडतो.

कोल्हापूरकर मंडळी इथे मला अडवतील, म्हणून आधीच लिहितो. आपले पैलवान काय कमी तूप खायचे? खायचेच. बदाम, खसखस, मगज, बडीशेप, मिरी वाटून केलेली थंडाई, वाटीने तूप, गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर पिळून दिलेलं म्हशीचं दूध, मटण. या खुराकावर या जिल्ह्याने नामवंत मल्ल दिले आणि खासबागेचं कुस्तीचं मैदान गाजवलं. पण त्याच ताटात ज्वारीच्या भाकरीची चवड असायची, केळी असायची, गूळ असायचा. स्निग्ध पदार्थ भरपूर आणि पिठूळ पदार्थही भरपूर, वर हजारांच्या घरात जोर-बैठका आणि मातीतली लढत. त्या खुराकातली भाकरी कुणी काढली नव्हती. कडक किटोत दिवसाची कर्बोदकं 50 ग्रॅमच्या आत बसवावी लागतात. आमच्याकडच्या एका मोठ्या भाकरीत तेवढी संपतात. लिटरभर दुधातही साधारण तेवढीच साखर असते. म्हणजे ज्या दुधावर कोल्हापूरची तालीम उभी राहिली, ते दूधच या आहारात बसत नाही! वस्तादांचा दाखला देऊन किटो विकणाऱ्यांनी हे पोरांना सांगितलं पाहिजे.

किटो म्हणजे थोतांड आहे, असं मी म्हणत नाही. हा आहार मुळात औषध म्हणून आला. 1921 साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉ. रसेल वाइल्डर यांनी फिट्स येणाऱ्या रुग्णांसाठी तो सुचवला आणि औषधांनी ज्यांच्या फिट्स थांबत नाहीत अशा मुलांना तो आजही देतात. पण डॉक्टर आणि आहारतज्ज्ञांच्या नजरेखाली, मापून. वजन फार वाढलेल्या, साखरेचा त्रास असलेल्या काही माणसांनाही पिठूळ पदार्थ कमी केल्याने फायदा होतो. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असणाऱ्याने मात्र डॉक्टरांना न विचारता असलं काही सुरू केलं, तर जिवावर बेतू शकतं. ज्यांची गरज वेगळी त्यांचा आहार वेगळा. तो एकोणीस वर्षांच्या धावणाऱ्या पोराच्या गळ्यात का मारायचा?

पोरांच्या खाण्यात खरी उणीव असते ती प्रथिनांची, आणि ती भरून काढायला किटो लागत नाही, प्रोटीन पावडरीचा महागडा डबाही लागत नाही. वजनं मारणाऱ्याला रोज किलोमागे 1.6 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं पुरतात, असं आजवरच्या अभ्यासांचं सार आहे. साठ किलोच्या पोराला म्हणजे शंभरेक ग्रॅम. लिटरभर म्हशीच्या दुधात पस्तीसच्या वर होतात, चार अंड्यांत चोवीस, मूठ-दोन मूठ फुटाणे आणि शेंगदाण्यांत पंधरा-वीस, उरलेली डाळ, उसळ आणि भाकरीत. सोयाबीनच्या वड्यांत तर निम्मं वजन प्रथिनांचंच असतं आणि किराणा दुकानात त्या स्वस्तात मिळतात. अंडी न खाणाऱ्या घरांतही हिशेब जमतो, दही आणि कडधान्यं वाढवावी लागतात एवढंच. सरावाच्या आधी एक केळं, नंतर दूध-गूळ किंवा दोन भाकरी आणि झुणका. तूप खावं की, चमचा-दोन चमचे भाकरीवर. बटरच्या वड्या चघळून दंड भरत नाहीत; दंड भरतात ते हळूहळू वाढवत नेलेल्या वजनाने, पोटभर जेवणाने आणि झोपेने. आमची पोरं रात्री एकपर्यंत मोबाइल बघतात आणि पाचला मैदानावर येतात, त्यावर कुणी व्हिडिओ काढत नाही.

गोळाफेकीचं उदाहरण रोज डोळ्यांसमोर असतं. भरतीत मुलांना 7.260 किलोचा गोळा फेकावा लागतो. ताकद नसलेलं पोरगं तो मानेला टेकवतं तेव्हाच कोपर थरथरतं. त्याला वजन घटवायचं नाही, वाढवायचं असतं. तरी ते मला विचारतं, “सर, पोळी बंद केली तर कट्स दिसतील का?” कट्स म्हणजे अंगावर उठून दिसणाऱ्या स्नायूंच्या रेघा. भरतीच्या मैदानावर कट्स कुणी मोजत नाही. मैदानी चाचणीचे 50 गुण असतात आणि एकेका गुणावर वर्षभराची मेहनत, घरच्यांची आशा अडकलेली असते. ज्या घरात एकाच पगारावर पाच तोंडं जेवतात, तिथे पोरासाठी वेगळं पनीर-बटर आणायला आई स्वतःच्या औषधाचे पैसे मागं ठेवते, हे मी पाहिलंय आणि ते मला सहन होत नाही.

म्हणून आपल्याला कळकळीची विनंती आहे. भरतीच्या हंगामात आपल्या दैनिकात सराव प्रश्नसंच, चालू घडामोडी छापून येतात आणि पोरं ती कात्रणं जपून ठेवतात. त्याच पानावर आठवड्यातून एकदा आहाराला जागा द्यावी. जिल्ह्यातल्या शासकीय रुग्णालयांतल्या आहारतज्ज्ञांकडून, जुन्या वस्तादांकडून लिहून घ्यावं. नाचणी, ज्वारी, हुलगा, दूध, अंडी अशा इथे मिळणाऱ्या जिनसांत, रुपयांच्या हिशेबासकट, साठ किलोच्या पोराचं आठवड्याचं ताट मांडून दाखवावं. मुलींचं वेगळं द्यावं, त्यांना 800 मीटर पळायचं असतं आणि लोहाची कमतरता त्यांच्यात जास्त दिसते. छापून आलं की ते पान मी आमच्या मैदानावरच्या फलकावर लावीन आणि त्या माउलीला स्वतः नेऊन देईन.

कळावे,
आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक,
ता. कागल, जि. कोल्हापूर