खारघरचा डोंगर दर उन्हाळ्यात का जळू द्यायचा?

संपादक साहेब, नमस्कार.

खारघरमध्ये फ्लॅट बघायला येणारा प्रत्येक जण आधी हेच विचारतो की डोंगर दिसतो का. त्या व्ह्यूचे बिल्डर जास्तीचे पैसे लावतात आणि लोक देतात, आम्ही पण दिले, आणि मला त्याचं अजिबात वाईट वाटत नाही कारण पावसाळ्यात सकाळी गॅलरीचं दार उघडलं की समोर सगळं हिरवंगार आणि त्यातून खाली येणारे ओहोळ, मुलं दूध प्यायची थांबून बघत बसतात. पांडवकडा धबधबा तर सव्वातीनशे फुटांच्या वरून पडतो, मुंबईच्या इतक्या जवळ असं काही आहे हे पाहुण्यांना खरंच वाटत नाही.

वस्ती म्हणाल तर पूर्ण फॅमिलीवाल्यांची. संध्याकाळी सेंट्रल पार्कला आजी-आजोबांचे ग्रुप, पोरांच्या सायकली, बाबागाडी ढकलणाऱ्या आया, सगळं एकत्र. 2023 च्या नोव्हेंबरमध्ये बेलापूर-पेंधर मेट्रो चालू झाली तेव्हापासून लांबच्या सेक्टरवाल्यांची पण रिक्षाची कटकट कमी झाली.

पण पत्र लिहायचं कारण वेगळं आहे. फेब्रुवारी-मार्च आला की हाच डोंगर पेटतो. कमरेएवढं वाढलेलं गवत तोवर वाळून कोळ झालेलं असतं, कोणीतरी विडी-सिगारेट टाकतं, कोणी पार्टी करून चूल तशीच सोडून जातं, आणि जाळलं की गवत चांगलं येतं हा समज तर जुनाच. आग चढाच्या दिशेने जास्त जोरात पळते कारण खालच्या जाळाने वरचं गवत आधीच तापलेलं असतं, त्यात संध्याकाळचा वारा, मग बघता बघता अख्खी सोंड लाल. मागच्या मार्चमध्ये सासूबाईंनी गॅलरीत कुरडया वाळत घातल्या होत्या, सकाळी बघते तर प्रत्येक कुरडईवर गवताच्या जळक्या काळ्या काड्या, हात लावला की भुगा होणाऱ्या. अख्खा घाणा फेकून द्यावा लागला. कुरडया परत होतील हो, पण टिटवी, तित्तर जमिनीवरच अंडी घालतात त्यांनी कुठे जायचं? जूनमध्ये वाजतगाजत लावलेली रोपं पुढच्या मार्चमध्ये जळतात, आणि उघडी पडलेली माती पहिल्याच पावसात वाहून खाली नाल्यात येते. म्हणजे ज्या हिरवळीसाठी आपण इथे आलो तीच दरवर्षी थोडी थोडी कमी होतेय, आणि आपण गॅलरीत उभं राहून मोबाईलवर व्हिडिओ काढतोय. मला याचा फार त्रास होतो.

उपाय काही नवीन नाही, वनखात्याला तो चांगला माहीत आहे. जाळरेषा. म्हणजे उन्हाळ्याआधी ठराविक पट्ट्यातलं गवत कापून किंवा देखरेखीखाली जाळून जागा मोकळी करायची, आग तिथपर्यंत आली की पुढे जायला तिला काही मिळत नाही. जमीन वनखात्याची असल्याने आपण मनाने जाऊन हे करू शकत नाही आणि करूही नये, पण परवानगी देऊन सोसायट्यांना सोबत घेता येईल की. डोंगरावर फणसवाडी, चाफेवाडी अशा आदिवासी वाड्या आहेत, हिरव्या फांद्यांनी झोडपून आग कशी विझवायची हे त्या लोकांना आपल्यापेक्षा कितीतरी जास्त कळतं, तर तिथल्या तरुणांना चार महिने रोजावर आगराखे म्हणून ठेवा, त्या पैशात सोसायट्यांनीही वाटा उचलावा असं मला वाटतं. व्ह्यूसाठी लाखो रुपये मोजणाऱ्यांना महिन्याला शंभर रुपये जड नाहीत. आणि राखीव जंगलात आग लावणं 1927 च्या वन कायद्याने गुन्हा आहे हे पायथ्याला मोठ्या बोर्डवर लिहा, बाजूला वनखात्याचा 1926 हा हेल्पलाइन नंबर पण टाका, धूर दिसला तर नेमका फोन कुठे करायचा हेच बहुतेकांना माहीत नसतं.

आमच्या बिल्डिंगमधली बरीच मंडळी रविवारी श्रमदानाला यायला तयार आहेत, कॉलेजची मुलं पण विचारतायत. फक्त हे डिसेंबर-जानेवारीतच व्हायला हवं, फेब्रुवारीत बारावी आणि मग दहावीची परीक्षा सुरू होते आणि घरोघरी सगळे त्यातच अडकतात. वनखात्याने एक तारीख कळवावी, बाकी माणसं आम्ही जमवतो.

— एक गृहिणी, खारघर