आबांच्या हृदयातल्या गाठी

औसा, शुक्रवार

प्रिय दत्ता,

फोनवर ‘गाठ निघाली’ एवढं ऐकलंस आणि पुढचं तुझ्या कानात शिरलंच नाही. म्हणून सविस्तर लिहायला बसलोय. आधी हे वाच: कॅन्सर नाही.

आबांचा महाधमनीचा व्हॉल्व्ह आकसला होता, तो बदलायला आम्ही संभाजीनगरला नेलं. छातीवरून केलेल्या इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, व्हॉल्व्हवर साचलेला चुना (कॅल्शियम) तेवढा दिसला होता. ऑपरेशन टेबलावर अन्ननलिकेतून नळी घालून पुन्हा इको केला, तेव्हा पडद्यावर काहीतरी लवलवताना दिसलं. हृदय थांबवून महाधमनी उघडली, तर व्हॉल्व्हच्या पाकळ्यांना चिकटलेल्या दोन गाठी! मोठी होती जेमतेम सेंटिमीटरभर. डॉक्टरांनी मोबाइलवर फोटो दाखवला. वर काढली की नुसता चिकट गोळा; सलाइनच्या वाटीत सोडली की बारीक बारीक तंतू मोकळे होतात. आबांनी तो फोटो नंतर डोळ्यांजवळ धरून पाहिला आणि म्हणाले, “हे तर कापसाचं बोंड फुटल्यागत दिसायलंय की.”

तपासणीत नाव आलं पॅपिलरी फायब्रोइलास्टोमा. हृदयातच उगवणाऱ्या गाठी मुळात दुर्मिळ, आणि त्यातल्या बहुतेक साध्या, म्हणजे कॅन्सर नसलेल्या. पण ही जात साधी असूनही घातकी. तिचा तुकडा तुटला, किंवा तिच्यावर धरलेली गुठळी सुटली, की रक्ताबरोबर थेट मेंदूत.

मोंढ्यातली ती गोष्ट तुला सांगितली होती ना? सोयाबीनचं माप चालू असताना आबांच्या हातातून पावती गळाली, जीभ जड झाली. थोड्या वेळात सगळं ठीक. ‘ऊन लागलं’ म्हणून कुणी कांदा फोडून हुंगवला. डॉक्टर छातीठोक सांगत नाहीत, पण तो या गाठीचाच प्रताप असावा असं त्यांना वाटतं.

भेटायला येणारे हळहळतात, ‘एक दुखणं काढायला गेले अन् दुसरं निघालं.’ मला तर व्हॉल्व्ह बिघडला हेच बरं झालं वाटतं. नाहीतर तिथवर कोण पोचलं असतं?

काकूंचीही मागं बोलता बोलता जीभ अडखळली होती. मेंदूचा सीटी चांगला आला म्हणून सोडून देऊ नकोस. हृदयाच्या डॉक्टरला दाखव, इको लागेल का विचार.

आबा बरे आहेत. छातीचं हाड तारेनं बांधलंय, वजन उचलायचं नाही, तरी काल हरभरा पेरायचा म्हणून ट्रॅक्टरवर चढायला निघाले. माझं ऐकत नाहीत. रविवारी येऊन तूच दोन शब्द सुनाव.

तुझा,
बालाजी