एका तुटलेल्या तारेविषयी मित्रास पत्र

निफाड,
२८ डिसेंबर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या मारुती एस्टीमच्या इंजिनाचे हेड, म्हणजे वरचा झाकणासारखा भाग, पुढच्या महिन्यात उघडायचे ठरले आहे आणि माझ्या गाडीचे तेच काम केल्यावर नेमके काय झाले ते सविस्तर कळव, असे तू लिहिलेस. फोनवर सांगताना मधले दुवे निसटतात, म्हणून आज सवडीने लिहायला बसलो आहे.

गाडी तुझ्या माहितीची आहे. बाबांनी २००१ साली घेतलेली, १२९८ सीसीची, १६ व्हॉल्व्हची पेट्रोल एस्टीम. दिवाळीनंतर कूलंट कमी होऊ लागले आणि डिपस्टिकवरचे ऑइल दुधाळ चहासारखे दिसू लागले, तेव्हा इतक्या वर्षांनी हेड गास्केट, म्हणजे हेडखालची पाणी आणि ऑइल वेगळे ठेवणारी चकती, गेले हे उघडच होते. ओळखीच्या एका फिटरला सोबत घेऊन मी अंगणातच हेड उतरवले, नाशिकहून त्याला फेसिंग मारून, म्हणजे खालची बाजू सपाट करून, आणले आणि नवे गास्केट, टायमिंग बेल्ट व थर्मोस्टॅट बसवला. दुपारी चारच्या सुमारास पहिला सेल्फ मारला. गाडी किंचित वेळ घेऊन सुरू झाली, पण पेट्रोलच्या लाइनमध्ये हवा राहिली असेल असे समजून आम्ही तिकडे लक्ष दिले नाही. डॅशबोर्डवरचा चेक इंजिनचा दिवा मात्र विझला नाही.

खरा प्रकार दुसऱ्या दिवशी पहाटे कळला. या दिवसांत आमच्याकडची थंडी कशी असते ते तू अनुभवले आहेसच. द्राक्षबागांतून शेकोट्या पेटवाव्या लागतात. त्या गारठ्यात सेल्फ मारत राहिलो तरी इंजिन पकडेना, आणि पकडले की दोन ठोके देऊन बंद पडे. ॲक्सिलरेटर दाबून धरावे तेव्हा कुठे ते कसेबसे चालत राही. दहा मिनिटांनी इंजिन तापले की जणू काही झालेच नव्हते, इतकी गाडी सुरळीत चाले. सलग तीन सकाळी हाच प्रकार झाला.

ते तीन दिवस मी भलत्याच वाटेने गेलो. प्लग काढून पाहिले, इनटेक मॅनिफोल्डच्या सांध्यातून हवा ओढली जाते का ते तपासले, टायमिंग बेल्ट एखादा दाता पुढेमागे बसला असेल या शंकेने कव्हर पुन्हा उघडले. बेल्ट चुकला असता तर गरम इंजिनही नीट चालले नसते, हे मला आधीच सुचायला हवे होते. थंडीतच त्रास आणि गरम झाल्यावर काहीच नाही, म्हणजे संशय तापमानाच्या सेन्सरवर जायला हवा होता. परंतु डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा अगदी बरोबर मध्यावर येऊन थांबत होता, त्यामुळे सेन्सर ठीक आहे असे मी धरून चाललो. चूक तिथे झाली. या इंजिनावर तापमान मोजणारे भाग दोन आहेत. एका तारेचा आहे तो फक्त काट्यासाठी. दोन तारांचा आहे तो ईसीयूसाठी, म्हणजे पेट्रोल किती द्यायचे ते ठरवणाऱ्या इंजिनाच्या संगणकासाठी. दोघांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही.

शेवटी मॅन्युअल उघडले. निदानाच्या कप्लरमधले (कप्लर म्हणजे तारा जोडण्याचा प्लग) त्यात दाखवलेले दोन कप्पे तारेच्या तुकड्याने जोडून चावी ऑन केली की चेक इंजिनचा दिवाच लुकलुकून कोड सांगतो. मुलीला वही-पेन्सिल घेऊन शेजारी बसवले. एक लुकलुक, थोडा विराम, मग चार लुकलुक, असे तीनदा. कोड १४. काहीच दोष नसता तर १२ आला असता. चौदाचा अर्थ असा, की कूलंटच्या तापमानाच्या सेन्सरकडून येणारा व्होल्टेज फार जास्त आहे, म्हणजेच सर्किट कुठेतरी तुटलेले आहे. ईसीयूला पाण्याचे तापमान कळेनासे झाले, की तो इंजिन तापलेलेच आहे असे धरून पेट्रोल मोजून देतो. गारठलेल्या इंजिनाला लागणारे जादा पेट्रोल मिळत नाही आणि ते बंद पडते. तीन सकाळींचे कोडे या एका ओळीत सुटले.

फिटर म्हणाला, सेन्सर नवा टाकून देऊ. त्याचा हेतू चांगला होता, पण मला ते पटले नाही. सेन्सर काढून पातेल्यातल्या पाण्यात थर्मामीटरसोबत धरला आणि मल्टिमीटर लावला. २० अंशांना सुमारे २.४ किलोओहम, आणि पाणी तापवत ८० अंशांवर नेल्यावर ०.३२. थंडीत रेझिस्टन्स जास्त, उष्णतेने कमी, हे जसे असायला हवे तसेच होते. नवा सेन्सर आणला असता तर पैसे गेले असते आणि दिवा तसाच जळत राहिला असता.

मग सेन्सरच्या कप्लरकडे वळलो. तो वरवर पाहता व्यवस्थित बसलेला होता, खटका लागलेला होता, आतल्या पिनाही स्वच्छ होत्या. कप्लर काढून चावी ऑन केली आणि एका पिनेपासून इंजिनाच्या उघड्या धातूपर्यंत मोजले, तर पूर्ण ५ व्होल्ट. म्हणजे ईसीयूकडून येणारी तार शाबूत. दोन्ही पिनांच्या मध्ये मोजले, तर आकडा ठरेचना. याचा अर्थ परतीची, म्हणजे सेन्सरच्या अर्थिंगची तार तुटलेली. आता ही अर्थिंगची तार इतर सेन्सरही वाटून घेतात. ती ईसीयूजवळ तुटली असती तर थ्रॉटलचा आणि हवेच्या तापमानाचा सेन्सरही बोंबलले असते. कोड एकच होता, त्याअर्थी तूट फाटा फुटल्यानंतरच्या, कप्लरकडच्या वीतभर लांबीत असायला हवी होती. सगळ्या गाडीची वायरिंग सोलण्याऐवजी शोध एका वितीवर येऊन ठेपला, याचा त्या क्षणी झालेला आनंद मी लपवणार नाही.

बॅटरीची निगेटिव्ह काढली, ईसीयूचा कप्लर सोडवला आणि त्या तारेच्या दोन टोकांना मीटरच्या सुया लावून तो बीपवर ठेवला; तार अखंड असली तर मीटर वाजतो. आवाज नाही. मी हार्नेस, म्हणजे टेपने गुंडाळलेली तारांची जुडी, बोटाने हळूच वर उचलला आणि मीटर वाजला. खाली सोडला, थांबला. चिकट झालेली टेप इंचाइंचाने उलगडत गेलो. ब्रॅकेटच्या कडेवर हार्नेस वळतो तिथे तारेवरचे आवरण अखंड होते, पण चिमटीत धरून ताणले तर तेवढाच अर्धा इंच भाग रबरासारखा लांबला. ब्लेडने आवरण चिरले. आत तांब्याचे धागे तुटून एकमेकांपासून सरकले होते आणि त्यांच्या टोकांवर हिरवी भुकटी धरली होती. हेड उतरवताना आम्ही सगळा हार्नेस एका बाजूला ओढून सुतळीने टांगून ठेवला होता. आधीच आतून कुजत आलेली तार त्या ओढीने तुटली असणार.

पुढचे काम अर्ध्या तासाचे होते. हिरवा भाग कापून टाकला, त्याच जाडीच्या तारेचा तुकडा सोल्डर केला, तापवल्यावर आवळणारी स्लीव्ह, म्हणजे आवरणाची नळी, बसवली, आणि हार्नेसला वळणावर ताण पडणार नाही इतकी ढील ठेवली. बॅटरी काढलेलीच असल्याने जुना कोड पुसला गेला. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेसहाला सेल्फ मारला, इंजिन पहिल्याच फेरीला सुरू झाले आणि दिवा विझला. बाबा खिडकीत उभे होते. त्यांनी नुसती मान हलवली.

तुझ्या फिटरला एवढे नक्की सांग, की हेड उतरवताना हार्नेस टांगू नये, त्याखाली फळी ठेवून आडवाच टेकवावा. आणि कप्लर सोडवताना तार धरून ओढू नये, खटका दाबून कप्लरच्या अंगाला धरावे. प्रत्येक कप्लरला कागदी चिठ्ठी लाव आणि त्याचा फोटोही काढून ठेव. तुझी गाडीही तेवढीच जुनी आहे, तिच्या तारांनाही तेवढेच पावसाळे लागले आहेत.

संक्रांतीला कोल्हापूरला येतो आहे, तेव्हा मीटर, मॅन्युअल आणि उरलेली स्लीव्ह बरोबर आणतो. मी पोहोचेपर्यंत त्या दिवशी गाडी सुरू करू नकोस. इंजिन थंड असतानाच सेन्सरचा आकडा आणि कप्लरवरचा व्होल्टेज मोजून वहीत लिहून ठेवू, आणि मगच हेडचा पहिला बोल्ट सैल करू.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
जुना शेजारी