आधी कागद, मग भाजी

न्यूयॉर्क,
८ जून

प्रिय अविनाश,
सप्रेम नमस्कार.

सोसायटीमागच्या महापालिकेच्या पडीक भूखंडावर रहिवाशांनी मिळून भाजीपाला लावायचा, हा तुझा बेत वाचून आनंद झाला. परंतु बियाण्यांविषयी पानभर विचारणाऱ्या तुझ्या पत्रात जमिनीच्या कागदांविषयी एक ओळही नाही, याची काळजी वाटते. इथल्या सामूहिक बागांचा इतिहास पाहिला, तर त्यांचे मरण कीड किंवा थंडीपेक्षा भाडेपट्ट्यातच अधिक दडलेले दिसते.

सत्तरच्या दशकात हे शहर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर असताना मालकांनी इमारती वाऱ्यावर सोडल्या, कित्येक जळाल्या, आणि करथकबाकीपोटी हजारो भूखंड शहराच्या गळ्यात पडले. १९७३ साली लिझ ख्रिस्टी आणि तिच्या 'ग्रीन गरिलाज' या गटाने बावरी आणि ह्यूस्टन या रस्त्यांच्या कोपऱ्यावरचा असाच एक उकिरडा साफ करून बाग केली; पुढच्या वर्षी शहराने ती जागा महिना १ डॉलर भाड्याने दिली. १९७८ पासून 'ग्रीनथंब' या सरकारी कार्यक्रमातून अशा बागांना परवानगी मिळू लागली. मात्र हे पट्टे तात्पुरते होते, आणि जमीन नकोशी होती तोवर ही मेख कोणालाही टोचली नाही.

नव्वदच्या दशकात भाव चढले. १९९९ साली महापौर जुलियानी यांनी शंभराहून अधिक बागा लिलावात काढल्या आणि विरोध करणाऱ्यांना 'साम्यवादानंतरच्या युगात स्वागत असो' असे सुनावले. लिलावाच्या तोंडावर गायिका बेट मिडलर यांची संस्था आणि जमिनी जपणारी 'ट्रस्ट फॉर पब्लिक लँड' ही संस्था यांनी सुमारे ४२ लाख डॉलर मोजून त्या वाचवल्या. पण दर वेळी कोणी धनवान धावून येत नाही. लोअर ईस्ट साइडमधील एस्पेरांझा ही पोर्तो रिकन कुटुंबांनी दोन दशके जपलेली बाग. ती वाचवण्यासाठी आंदोलकांनी पोर्तो रिकोचे प्रतीक मानल्या जाणाऱ्या कोकी या बेडकाची प्रचंड प्रतिकृती उभारून तिच्यात रात्रंदिवस पहारा दिला, स्वतःला साखळ्यांनी जखडून घेतले. फेब्रुवारी २००० मध्ये तिच्यावर बुलडोझर फिरला, आणि न्यायालयाची स्थगिती त्याच दिवशी, काही तासांनी आली! राज्य आणि शहर यांच्यात झालेल्या २००२ च्या तडजोडीनंतर शेकडो बागांना संरक्षण मिळाले. काही जागा मात्र घरबांधणीसाठी गेल्याच.

या खटाटोपात पिकते काय, असे तू विचारशील. ब्रुकलिनच्या ईस्ट न्यूयॉर्क भागात बांगलादेशी शेजारी कारली आणि चवळीच्या शेंगा पिकवतात, कॅरिबियन बायका आपली पालेभाजी लावतात. ब्राँक्समध्ये कॅरन वॉशिंग्टन यांनी १९८८ साली घरासमोरच्या मोकळ्या जागेत शेजाऱ्यांसह बाग उभी केली. अख्ख्या शहराचे पोट अशाने भरत नाही, हे मान्य. पण ताजी भाजी परवडणारी नाही किंवा मिळतच नाही अशा वस्तीला आपल्या ताटाविषयी बोलण्याचा हक्क त्यातून मिळतो, आणि मला तो उत्पन्नापेक्षा मोठा वाटतो.

महापालिकेच्या मोकळ्या जागा खासगी संस्थांना देखभालीसाठी दत्तक देण्याच्या धोरणावरून २०१६ साली मुंबईत उठलेले वादळ तुला आठवत असेल. लोकांची जागा मूठभरांचा क्लब होईल, ही तेव्हाची भीती खोटी नव्हती. म्हणून 'ग्रीनथंब'ची एक अट तुम्हीही करारात स्वतःहून घाला: हंगामात आठवड्याला किमान २० तास बाग सर्वांसाठी उघडी हवी. मातीचीही तपासणी करून घ्या; इथे जुन्या रंगातले शिसे जमिनीत मुरलेले असल्याने उंच वाफ्यांत बाहेरची माती भरून लागवड करतात.

भूखंडाचा डीपी रिमार्क, म्हणजे विकास आराखड्यात तो कशासाठी राखून ठेवला आहे हे सांगणारा महापालिकेचा दाखला, काढून त्याची प्रत मला पाठव. आरक्षण कसले आहे हे कळले, की अर्जाचा मसुदा आपण दोघे मिळून करू.

तुझा,
मकरंद