दिसेनासं झाल्यावर जे दिसतं

संपादक महोदय,

२५ ऑगस्टपासून नेत्रदान पंधरवडा असतो, तेव्हा तुमच्याकडे दरवर्षी बातम्या येतात, चांगलंच आहे, पण त्या वाचून घरी येणारा प्रत्येक पाहुणा मला म्हणतो काकू, आता डोळे बसवून मिळतात, घ्या की बसवून! अहो बसवतात ते फक्त पुढचं पारदर्शक पटल, कॉर्निया. माझा बिघाड मागच्या पडद्याच्या मधोमध आहे, मॅक्युलर डिजनरेशन. कडेकडेचं दिसतं, मधलं गायब. समोरच्या बाईच्या साडीचा काठ दिसतो पण तोंड नाही, मग सोसायटीत म्हणतात काकूंना हल्ली शिष्टपणा आलाय, बघून न बघितल्यासारखं करतात. दाराशी पडलेली चप्पल दिसते आणि माणूस ओळखू येत नाही हे कोणाला पटणार?

सून प्रेमाने तांदळाचं ताट हातातून काढून घेते, आई तुम्ही बसा. डोळ्यांपेक्षा या बसण्याचंच मला जास्त रडू येतं.

पण लिहायला (म्हणजे फोनला बोलायला) बसले ते वेगळ्याच कारणाने. संध्याकाळी अंधारून आलं की मला भिंतीवर जाळीची नक्षी दिसायची, एकदा तर सोफ्यावर वीतभर माणसं फेटे बांधून ओळीने बसलेली, आवाज नाही काही नाही. घरात बोलले नाही, कारण एकतर बाहेरचं काहीतरी लागलंय म्हणतील नाहीतर म्हातारीला वेड लागलं म्हणतील. शेवटी धीर करून डोळ्याच्या डॉक्टरांना सांगितलं तर ते सहज म्हणाले, हो, होतं असं, शार्ल बॉने सिंड्रोम, डोळ्यांकडून चित्रं येणं कमी झालं की मेंदू आपली आपण तयार करतो. हे नाव ज्याच्यावरून पडलं त्या बॉने नावाच्या शास्त्रज्ञाने १७६० सालीच स्वतःच्या आजोबांचं लिहून ठेवलंय, आजोबांची नजर अधू पण डोकं ठणठणीत. दिवा लावायचा, नजर इकडून तिकडे फिरवायची, बऱ्याचदा जातं. आवाजही यायला लागले किंवा ते खरंच वाटायला लागलं तर मात्र दाखवायला हवं.

मग हे आधी का नाही सांगत? इंजेक्शन, स्कॅन, बिल सगळं समजावतात, त्यातच हे एक वाक्य टाकायला काय जातं? किती म्हातारी माणसं घाबरून गप्प बसली असतील. डायबेटिसवाल्यांना डाएटिशियन असते तसं डोळ्यांच्या दवाखान्यात दोन शब्द बोलायला कोणीतरी बसवा, एवढंच मागणं आहे.

पत्र छापलंत तर मथळा जरा मोठ्ठ्या अक्षरात टाका, आमच्यातल्या बऱ्याच जणांना तेवढाच वाचता येतो.

- एक वाचक, मिरज