संशोधकांचे छंदही छापावेत

महोदय,

बारावीच्या निकालानंतर आपल्या दैनिकात सीमाभागातील गुणवंतांची छायाचित्रे आवर्जून छापली जातात. त्यांसोबत जीवशास्त्र संशोधकांचाही परिचय द्यावा, ही विनंती.

१९४२ मध्ये पुण्यात जन्मलेल्या पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांचे मुंबईतील प्राणिशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण, १९६९ मधील हार्वर्डची डॉक्टरेट आणि बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील दीर्घ कारकीर्द अनेकांना ठाऊक असते. परंतु अर्थतज्ज्ञ वडील धनंजयराव यांच्यामुळे लहानपणीच जडलेला पक्षीनिरीक्षणाचा छंद, विद्यार्थीदशेतील उंच उडीतले नैपुण्य आणि गावकऱ्यांशी बोलत रानवाटा तुडवण्याची आवड क्वचितच सांगितली जाते. माझ्या मते त्यांच्या शास्त्राची मुळे याच आवडींत आहेत.

खानापूर तालुक्यातील मुलांना हे कळणे फार गरजेचे वाटते. भीमगडच्या रानातील बारापेडे गुहांत राहणारे, मोठ्या कानांचे रॉटनचे वटवाघूळ जगात मोजक्याच ठिकाणी आढळते. कणकुंबीकडची मुले अशा जंगलाच्या कुशीत वाढतात. तरीही ‘नीट’मध्ये गुण कमी पडले की जीवशास्त्राची वाट संपली, असे घरोघरी मानले जाते. म्हणून परिचयात पदव्यांसोबत संशोधकाचे छंद आणि त्याला मिळालेल्या शिष्यवृत्तीची माहितीही अवश्य द्यावी.

– एक वाचक, खानापूर (जि. बेळगाव)